रेनेसाँची पुस्तकं कॉम्प्युटर वाचतो, पण त्याला ती टाइप करून कोणी दिली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या रविवार पुरवणीत युरोपातल्या रेनेसाँचा, म्हणजे प्रबोधनकाळाचा, अभ्यास आता कॉम्प्युटरने कसा होतो यावर एक लेख आला होता. मराठी पेपरात हा विषय आला याचा मला मनापासून आनंद झाला, लेख दोनदा वाचला, कात्रण काढून ठेवलं. पण त्यात एक वाक्य होतं की आता साठ हजार जुनी पुस्तकं मशीन काही सेकंदांत वाचतं त्यामुळे अभ्यासकाला ती वाचायची गरज उरली नाही, आणि ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहितेय. पत्र लांबलंय. जागेसाठी कापावं लागलं तर कापा, फक्त टाइप करणाऱ्या माणसांबद्दलचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आधी हे सांगते की मी या पद्धतींच्या विरोधात नाही. मी स्वतः सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांवर काम करते आणि ते सगळं स्क्रीनवरच करते. ही पुस्तकं ज्या लायब्रऱ्यांमध्ये आहेत तिथे जाऊन महिनोन्महिने बसणं माझ्यासारखीला शक्यच नव्हतं, त्यामुळे डिजिटल साधनं नसती तर मी या विषयात आलेच नसते, इतकं साधं आहे ते. म्हणूनच मला वाटतं की ही साधनं कशी बनली ते आपण नीट सांगितलं पाहिजे.

तर ती साठ हजार पुस्तकं. लेखात ज्या संग्रहाचा उल्लेख होता तो म्हणजे अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन, सगळे त्याला ईबो म्हणतात. त्याची सुरुवात कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. १९३० च्या दशकात यूजीन पॉवर नावाच्या अमेरिकन माणसाने ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या छापील पुस्तकांची मायक्रोफिल्म काढायला घेतली, १९३८ मध्ये मिशिगनच्या ॲन आर्बर गावात त्यासाठी कंपनी काढली, आणि मग महायुद्ध आलं तेव्हा बॉम्बमध्ये पुस्तकं जळाली तर निदान फिल्म तरी उरेल म्हणून त्या कामाला आणखी जोर आला. कुठली पुस्तकं फिल्म करायची याची यादी पण तयारच होती, पोलार्ड आणि रेडग्रेव्ह या दोघांनी १९२६ मध्ये छापलेला कॅटलॉग. आज मी स्क्रीनवर जे पान बघते ते बऱ्याचदा पुस्तकाचा फोटो नसतोच, तो पुस्तकाच्या फिल्मचा फोटो असतो, काळापांढरा. लाल शाईत छापलेली अक्षरं काळी दिसतात, मागच्या पानाची शाई पुढे उतरलेली दिसते, शिवणीजवळची अक्षरं सावलीत गेलेली असतात, आणि पुस्तक खिशात मावणारं होतं की टेबलावर ठेवून वाचायचं होतं हे तर कळतच नाही, कारण स्क्रीनवर सगळी एकाच मापाची.

आता हे पान कॉम्प्युटरला "वाचता" यावं म्हणून त्याचा टेक्स्ट करावा लागतो. नव्या पुस्तकांसाठी ओसीआर चालतो, फोटोवरून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, पण तेव्हाच्या छपाईवर, त्यात पुन्हा अशा फिल्मवर, तो पार कोलमडायचा. त्या काळी शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे येणारा एस लांब काढायचे, तो एफ सारखा दिसतो, म्हणून "सेम" चं "फेम" होतं आणि "सिन" म्हणजे पापाचं "फिन" म्हणजे माशाचा पर. जाड गॉथिक अक्षरं वेगळी, न आणि म साठी अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ देऊन शब्द छोटा करायची पद्धत वेगळी. म्हणून २००० च्या आसपास मिशिगन आणि ऑक्सफर्डच्या लायब्रऱ्यांनी टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप सुरू केली, टीसीपी, आणि सरळ ठरवलं की माणसं बसवून टाइप करायचं. एकच पुस्तक दोघांनी वेगवेगळं टाइप करायचं, मग दोन्ही प्रती एकमेकींवर ताडून बघायच्या, जिथे फरक तिथे कोणीतरी चुकलंय. वीस हजार अक्षरांमागे एका चुकीपेक्षा जास्त नको असा नियम. त्यातून पहिली पंचवीस हजारांहून जास्त पुस्तकं १ जानेवारी २०१५ ला सगळ्यांसाठी मोफत खुली झाली, बाकीची २०२० मध्ये, आणि सगळी मिळून साधारण साठ हजार. म्हणजे मशीनने काही सेकंदांत वाचलेली ती साठ हजार पुस्तकं आधी माणसांनी अक्षर अक्षर बघून टाइप केलेली आहेत, आणि तीही दोनदा दोनदा.

कोणी केली? टीसीपीची फाइल उघडली की वरच्या भागात तिचा इतिहास असतो, कुठल्या महिन्यात काम दिलं, कुठल्या महिन्यात टाइप झालं, कुठल्या महिन्यात तपासलं. तपासणाऱ्या एडिटरचं नाव तिथे असतं. टाइप करणाऱ्याच्या जागी फक्त कंत्राटदार कंपनीचं नाव. मी अशा शेकडो फाइली उघडल्यात आणि टाइप करणाऱ्या एकाही माणसाचं नाव मला सापडलेलं नाही. ज्या माणसाने चारशे वर्षांपूर्वीचं धर्मशास्त्राचं पुस्तक, ज्याचा विषय त्याला कदाचित माहीतही नसेल, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसतं डोळ्यांनी वाचून काढलं, तोच त्या पुस्तकाचा गेल्या शंभर वर्षांतला सगळ्यात लक्ष देऊन वाचणारा वाचक असेल असं मला नेहमी वाटतं. आणि जिथे त्याला अक्षर लागलं नाही तिथे त्याने अंदाज नाही ठोकला, एक खूण केली. एक अक्षर गेलं तर एक काळा ठिपका. हे ठिपके मला फार आवडतात कारण ते प्रामाणिक आहेत, माणूस सांगतोय की इथे मला दिसलं नाही.

अजून एक. टीसीपीच्या नियमाप्रमाणे रोमन लिपीत नसलेला मजकूर टाइप करायचा नव्हता. ग्रीक आलं, हिब्रू आलं की तिथे "दुसऱ्या लिपीतला मजकूर" अशी खूण करून पुढे जायचं. नियम समजण्यासारखा आहे, पैसे आणि वेळ मोजूनच काम होतं. पण विचार करा, हा रेनेसाँचा संग्रह आहे. ग्रीक परत वाचायला शिकणं हाच तर त्या काळाचा मोठा ध्यास, व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सिउसने त्यासाठी सगळा छापखाना लावला होता, आणि त्या काळच्या विद्वानाच्या इंग्रजी पुस्तकात नेमकं जिथे तो ग्रीक मूळ वाक्य देतो तिथे आपल्या टेक्स्टमध्ये भोक आहे. कोणी उद्या या साठ हजार पुस्तकांवर प्रोग्राम चालवून म्हणालं की इंग्लंडच्या पुस्तकांत ग्रीक जवळजवळ नव्हतंच, तर आकडा बरोबर असेल आणि निष्कर्ष साफ चूक. तसंच एका ग्रंथाची शक्यतो एकच आवृत्ती घ्यायची, ती पण बहुतेक पहिली. आता जॉन फॉक्सचा ॲक्ट्स अँड मॉन्युमेंट्स घ्या, धर्मासाठी मेलेल्यांचा तो प्रचंड इतिहास, त्याच्या हयातीत चार आवृत्त्या निघाल्या, १५६३, १५७०, १५७६ आणि १५८३, आणि प्रत्येक वेळी त्याने गोष्टी घातल्या, काढल्या, बदलल्या. एकच आवृत्ती बघणाऱ्याला हा माणूस वीस वर्षं काय करत होता ते दिसणारच नाही. म्हणून शेफील्ड विद्यापीठाने चारही आवृत्त्या शेजारी शेजारी वाचता येतील अशा ऑनलाइन ठेवल्या, आणि डिजिटलचा खरा उपयोग मला तिथे दिसतो, कारण ते चार जाडजूड ठोकळे एका टेबलावर उघडून बसणं कोणाच्या नशिबात असतं.

माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीला मी "लिबर्टी" या शब्दाचा ग्राफ काढला होता, कुठल्या वर्षी तो किती वेळा येतो. १६४० नंतर रेघ एकदम उभी चढली आणि मला वाटलं काहीतरी मोठं हाती लागलं, आठ दिवस त्याच आनंदात होते. मग एका वयस्कर बाईंनी, ज्यांच्याकडे मी शिकत होते, एकच प्रश्न विचारला, की त्या वर्षी एकूण पुस्तकं किती छापली गेली? १६४१ मध्ये स्टार चेंबरचं कोर्ट बंद झालं, त्याबरोबर छपाईवरचा जुना ताबा सुटला, आणि लंडनमध्ये पत्रकांचा पूर आला. जॉर्ज थॉमसन नावाचा एक पुस्तकविक्रेता १६४० ते १६६१ या काळात मिळेल ते पत्रक गोळा करत राहिला, त्याच्याकडे बावीस हजारांच्या वर जमली. म्हणजे त्या वर्षांत प्रत्येकच शब्द वाढला होता, लिबर्टी पण आणि मीठ पण. एकूण शब्दांच्या प्रमाणात मोजलं तेव्हा चढ उरला पण बराच उतरलेला, आणि मग तोही कुठून येतो ते बघायला ती पत्रकं वाचावीच लागली. त्यात लिबर्टी म्हणजे एकाला पार्लमेंटचे हक्क, दुसऱ्याला शहराचा एक भाग, कारण लंडनच्या काही भागांनाच लिबर्टी म्हणायचे, तिसऱ्याला देवाने दिलेली मनाची मोकळीक. कॉम्प्युटरला हे तिन्ही एकच.

स्पेलिंगचं तर विचारूच नका. तेव्हा ठरलेलं स्पेलिंग नव्हतं. यू आणि व्ही एकच अक्षर समजायचे, शब्दाच्या सुरुवातीला व्ही आणि मधे यू, त्यामुळे "लव्ह" मधे यू असतो आणि "अप" ची सुरुवात व्ही ने होते. जे ऐवजी आय. "मर्डर" शोधायला जाल तर निम्मे खून निसटतात, कारण ते डी ऐवजी टी-एच ने लिहिलेले असतात. लँकेस्टर विद्यापीठात यासाठी व्हार्ड नावाचा प्रोग्राम केलाय, तो जुन्या स्पेलिंगला आजचं स्पेलिंग सुचवतो, आणि चांगला सुचवतो, पण शिकवावं लागतं, तपासावं लागतं, आणि कधी कधी जुना शब्द हा आजच्या शब्दाचं वेगळं स्पेलिंग नसून वेगळाच शब्द असतो. सर्च बॉक्सने "शून्य रिझल्ट" म्हटलं की त्याचा अर्थ शब्द नाही असा होत नाही, तुम्ही लिहिलंत त्या रूपात, टाइप झालेल्या आवृत्तीत, वाचता आलेल्या पानांवर नाही, एवढाच होतो. नवीन मुलांना सांगायची पहिली गोष्ट कुठली असं मला कोणी विचारलं तर मी हीच सांगेन.

इंग्लंड सोडून इटलीत येते कारण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण तिथलं आहे. १४२७ मध्ये फ्लॉरेन्सला मिलानशी लढायला पैसे हवे होते, म्हणून त्यांनी नवा टॅक्स आणला, कातास्तो. प्रत्येक घरच्या प्रमुखाने लिहून द्यायचं की घर, शेत, व्यापार, येणं, देणं किती आणि खाणारी तोंडं किती. शब्द पण तोच, बोक्के म्हणजे तोंडं, आणि दर तोंडामागे दोनशे फ्लोरिनची सूट. फ्लॉरेन्सच्या ताब्यातल्या सगळ्या तोस्काना मुलखात मिळून जवळपास साठ हजार कुटुंबं आणि दोन लाख साठ हजार माणसं. डेव्हिड हर्लिही आणि क्रिस्तियान क्लापिश-झुबेर या दोघांनी १९६६ पासून या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीएवढं यंत्र, आणि पुस्तक आलं १९७८ मध्ये. बारा वर्षं! त्यातून कळलं की फ्लॉरेन्समध्ये मुलगी साधारण अठराव्या वर्षी लग्न करायची आणि नवरा तिशीचा असायचा, म्हणजे तरुण विधवा खूप आणि वडील नसलेली मुलं खूप, आणि मग त्या काळातल्या चित्रांत, पत्रांत, उपदेशांत जे जे वाचलंय त्याच्याकडे बघायची नजरच बदलते.

पण मला त्याहून आवडतं ते त्यांनी डेटावर ठेवलेला संशय. वयांचा तक्ता काढला तर तीस, चाळीस, पन्नास, साठ या वयांवर माणसांची गर्दी आणि एकतीस, एकेचाळीसवर फारच थोडी. अर्थात फ्लॉरेन्समध्ये सगळे दहाच्या पटीत जन्मले नव्हते, लोकांना स्वतःचं वय नेमकं माहीतच नव्हतं, विचारलं की जवळचा गोल आकडा सांगायचे. लहान मुली मोजणीत मुलांपेक्षा बऱ्याच कमी. नव्हत्या, की सांगितल्या नाहीत, की आणखी काही, यावर त्यांनी पानंच्या पानं खर्च केलीत. डेटा कोणी दिला, कोणाला दिला, कशासाठी दिला, खोटं बोलून काय फायदा होता, हे सगळं धरूनच ते आकडा वाचतात. टॅक्सवाल्याला दिलेलं उत्तर आहे ते, देवाला दिलेलं नाही. आज टोरांटो विद्यापीठातला डेचिमा प्रोजेक्ट तेच पुढे नेतोय, १५६१ ची फ्लॉरेन्सची घरमोजणी त्यांनी बुओन्सिन्योरीने १५८४ मध्ये काढलेल्या नकाशावर घर घर करून बसवलीय, कुठल्या गल्लीत विणकर, कुठे विधवा, कुठे वेश्या, सगळं दिसतं.

आता अशी एक गोष्ट जी कॉम्प्युटरशिवाय झालीच नसती, म्हणजे मी एकाच बाजूने बोलतेय असं कोणाला वाटायला नको. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गुप्त लिपीतली काही पत्रं पडून होती, कॅटलॉगमध्ये लिहिलेलं की इटालियन, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. जॉर्ज लासरी, नॉर्बर्ट बिअरमन आणि सातोशी तोमोकियो हे तिघं, एक कॉम्प्युटरवाले, एक संगीताचे प्राध्यापक, एक फिजिक्सवाले, यांनी ती सोडवायला घेतली. आधी इटालियन समजून प्रयत्न केला, काही जमेना, मग फ्रेंच धरून प्रोग्राम चालवला आणि तुकडे सुटायला लागले. लिहिणारी बाई आहे हे कळलं. "माझी सुटका", "माझा मुलगा". मग वॉल्सिंगहॅमचं नाव आलं, एलिझाबेथ राणीचा हेरप्रमुख, आणि त्यांच्या लक्षात आलं की ही स्कॉटलंडची राणी मेरी आहे. इंग्लंडच्या कैदेतून तिने १५७८ ते १५८४ मध्ये लिहिलेली पत्रं, बहुतेक फ्रेंच राजदूत कास्तेलनोला, एकूण सत्तावन्न, त्यातली पन्नासच्या आसपास अभ्यासकांना माहीतच नव्हती. २०२३ मध्ये हे छापून आलं तेव्हा मला रात्री झोप नव्हती लागली. १५८७ ला तिचं डोकं उडवलं, आणि जवळपास साडेचारशे वर्षांनी तिचं म्हणणं ऐकू आलं. पण इथेसुद्धा त्या तिघांनी दीड लाखाच्या आसपास चिन्हं आधी डोळ्यांनी बघून कॉम्प्युटरमध्ये भरली होती. सुटलेल्या मजकुराचा अर्थ लावायला इतिहासकार अजून अनेक वर्षं बसतील.

उलट बाजूचं उदाहरण पण द्यायला हवं. १६१२ मध्ये विल्यम पीटर नावाच्या खून झालेल्या माणसावर छापलेली एक शोककविता आहे, कवीच्या जागी फक्त डब्ल्यू एस. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड फॉस्टर यांनी शब्दांच्या सवयी, दुर्मिळ शब्द, वाक्यरचना हे सगळं मोजून १९८९ पासून सांगितलं की ही शेक्सपिअरची असू शकते, आणि १९९५ च्या सुमाराला ते ठामच झाले, पेपरात पहिल्या पानावर आलं, शेक्सपिअरच्या समग्र साहित्याच्या काही मोठ्या आवृत्त्यांमध्ये ती कविता घातली गेली. मग जील मोंसारा आणि ब्रायन विकर्स यांनी दाखवलं की तिची भाषा नाटककार जॉन फोर्डशी जुळते. २००२ मध्ये फॉस्टर यांनी चूक जाहीर मान्य केली. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो, एवढ्या मोठ्या दाव्यावरून मागे यायला धैर्य लागतं. चूक कशात होती तर तुलना कोणाकोणाशी केली यात, ज्या माणसाची कविता आहे त्याला नीट तपासायला घेतलंच नाही तर मशीन बाकीच्यांतला सगळ्यात जवळचा दाखवणारच. मोंसारांना फोर्ड आठवला कारण त्यांनी फोर्डच्या कविता वाचल्या होत्या, त्यावर काम केलं होतं. आणि २०१६ मध्ये न्यू ऑक्सफर्ड शेक्सपिअर या समग्र आवृत्तीने हेन्री सहावाच्या तिन्ही नाटकांवर सहलेखक म्हणून त्याच काळातल्या मार्लो या नाटककाराचं नाव छापलं तेव्हा वाद का झाला ते यावरून समजेल, भांडण मशीन की माणूस असं नाहीच, कशाची कशाशी तुलना केली यावर आहे.

तसं भाषा तपासून लेखक किंवा काळ ठरवणं ही रेनेसाँचीच देणगी. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन विद्वानाने दाखवून दिलं की सम्राट कॉन्स्टन्टाइनने पोपला राज्य दान केल्याचा कागद बनावट आहे, कारण त्यात सत्रप वगैरे शब्द आहेत जे त्या सम्राटाच्या रोममध्ये कोणी वापरलेच नसते. त्याच्याकडे डेटाबेस नव्हता, त्याच्या डोक्यात लॅटिन होतं. आणि मशीन वापरायचं तर कसं याचा धडा मला चार्लटन हिनमन यांनी दिला. हे महायुद्धात नेव्हीत गुप्त संदेशांचं काम करायचे, नंतर त्यांनी आरसे आणि दिवे लावून एक यंत्र बनवलं, त्यात एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींचं तेच पान आलटून पालटून दिसायचं आणि जिथे फरक असेल ती जागा हलल्यासारखी दिसायची. वॉशिंग्टनच्या फोल्जर लायब्ररीत शेक्सपिअरच्या १६२३ च्या फर्स्ट फोलिओच्या, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्र छापलेल्या ग्रंथाच्या, ८२ प्रती आहेत, त्यातल्या पन्नासच्या वर प्रती त्यांनी नऊशे-नऊशे पानं अशा तपासल्या. १९६३ ला दोन खंडांत निष्कर्ष आले. छपाई चालू असतानाच दुरुस्त्या व्हायच्या आणि जुनी पानंही फेकत नसत, बांधून टाकत, त्यामुळे एक प्रत दुसरीसारखी नाही. यंत्र फक्त "इथे बघ" म्हणायचं. बघायचे हिनमन.

अजून एकच मुद्दा, बायकांचा, मग थांबते. सिक्स डिग्रीज ऑफ फ्रान्सिस बेकन नावाचा सुंदर प्रोजेक्ट आहे, कार्नेगी मेलन आणि जॉर्जटाउन विद्यापीठातल्या लोकांनी केलेला, १५०० ते १७०० मधल्या ब्रिटनमध्ये कोण कोणाला ओळखत होतं त्याचं जाळं, तेरा हजारांवर माणसं. माहिती काढली ऑक्सफर्डच्या राष्ट्रीय चरित्रकोशातून, प्रोग्रामने. पण चरित्रकोशात स्वतःची नोंद असलेल्या बायका आधीच कमी, म्हणून जाळ्यात पण कमी, आणि जाळं बघणाऱ्याला वाटणार की त्या काळात बायका कोणाला ओळखतच नव्हत्या. त्या लोकांनी हे लपवलं नाही, उघड लिहिलं आणि नंतर बायकांची नावं हाताने भरायला घेतली, बाहेरच्या लोकांनाही भरू दिली. आणि हाताने भरायचं काम किती मोलाचं असतं बघा, शेक्सपिअर्स वर्ल्ड म्हणून एक प्रोजेक्ट होता, त्यात कोणीही घरी बसून त्या काळची हस्तलिखितं वाचून टाइप करायची. त्यातल्या एका पत्रात, १५६७ च्या, "व्हाइट लाय" हा शब्दप्रयोग सापडला, आणि तोपर्यंत ऑक्सफर्ड डिक्शनरीत त्याचा सगळ्यात जुना पुरावा अठराव्या शतकातला होता. पगार न घेता वाचणाऱ्या माणसांनी शब्दाचं वय पावणेदोनशे वर्षांनी वाढवलं.

आणि हे सगळं कायमचं आहे असं पण कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि आम्ही रोज वापरतो तो इंग्रजी जुन्या पुस्तकांचा कॅटलॉग, ईएसटीसी, एका रात्रीत बंद पडला. पुस्तकं कपाटात सुखरूप, पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे सांगणारं काही नाही. त्या दिवसांत ज्यांच्याकडे जुने छापील कॅटलॉग होते त्यांना आम्ही ईमेल करत होतो.

तर माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी असा लेख छापाल, आणि जरूर छापा, तेव्हा लेखकाला विचारा की आकडा कुठल्या संग्रहातून आला, त्यात काय नव्हतं, आणि तो संग्रह कोणी तयार केला. एका ओळीचं काम आहे. आणि वाचकांपैकी कोणाला हात लावून बघायचं असेल तर अर्लीप्रिंट नावाची साइट आहे, नॉर्थवेस्टर्न आणि सेंट लुइसचं वॉशिंग्टन विद्यापीठ यांची. टीसीपीचे टेक्स्ट तिथे मोफत वाचता येतात, बऱ्याच पुस्तकांच्या पानांचे फोटोही शेजारी असतात. जिथे त्या टाइप करणाऱ्याने काळा ठिपका ठेवलाय तिथे फोटो मोठा करून बघायचा, अक्षर लागलं तर दुरुस्ती सुचवायची, मग एडिटर ती तपासून घेतो. शेक्सपिअरच्या काळातल्या इतर नाटककारांच्या नाटकांमधले असे कितीतरी ठिपके कॉलेजच्या पोरांनी सुट्टीत बसून भरलेत. बाकीच्या पुस्तकांत अजून भरपूर आहेत.

आपली,
एक नियमित वाचक